दिवसा झोप येत नाही असे सांगणाऱ्याची जागेपणाची चाचणी कशासाठी?

घाटवाट : माझे थोरले बंधू ट्रक चालवतात. गेल्या वर्षी त्यांना स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार) असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून ते रोज रात्री सीपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र) लावून झोपतात. दिवसा किती झोप येते हे मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत त्यांना 24 पैकी 6 गुण मिळाले, म्हणजे काळजीचे कारण नाही. परंतु वहिनी सांगतात की दुपारी जेवणानंतर वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांचा डोळा लागतो आणि पान गुडघ्यावरून घसरून खाली पडले तरी त्यांना कळत नाही. डॉक्टरांनी आता जागे राहण्याची चाचणी सांगितली आहे. प्रश्नावलीवर भागत नाही का?

रात्रपाळी : मी स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रश्नावलीत आठ प्रसंग दिलेले असतात आणि प्रत्येक वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती, हे रुग्ण स्वतःच ठरवतो. ज्याचे पोट गाडीवर अवलंबून आहे तो गुण कमीच लिहिणार. पण प्रत्येक जण खोटे लिहितो असे मुळीच नाही. 2003 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चौदा रात्री सहाच तास झोपू दिलेल्या निरोगी माणसांच्या सावधपणाच्या चाचणीतील चुका दिवसेंदिवस वाढत गेल्या, मात्र ‘झोप येते का’ या प्रश्नाची त्यांची उत्तरे काही दिवसांनी जवळपास आहे तिथेच राहिली. झापडीचीही सवय होते.

आपल्या बंधूंना मंद उजेडाच्या खोलीत टेकून बसवतील आणि जागे राहा एवढेच सांगतील. दर दोन तासांनी, प्रत्येकी चाळीस मिनिटे, असे चार वेळा. गाणे म्हणायचे नाही, गालावर चापट मारून घ्यायची नाही. झोप लागली की नाही हे डोक्याला लावलेल्या तारांवरून आम्ही ठरवतो. अनेकदा आलेखावर झोप स्पष्ट दिसत असताना रुग्ण शपथेवर सांगतो, “मी जागाच होतो.” नार्कोलेप्सीसाठी (दिवसा अनावर झोप येण्याचा विकार) करतात ती चाचणी वेगळी, तीत झोपायलाच सांगतात.

पेंगुळलेला : यात एक भर घालतो. जागे असणे आणि सावध असणे या दोन गोष्टी आहेत. डेव्हिड डिंजेस व त्यांच्या सहकाऱ्याने 1985 मध्ये मांडलेल्या दहा मिनिटांच्या चाचणीत दोन ते दहा सेकंदांच्या अनियमित अंतराने पडद्यावर मिलिसेकंदांचे आकडे धावू लागतात आणि दिसताच बटण दाबायचे असते. 500 मिलिसेकंदांपेक्षा उशीर झाला की ती चूक धरतात. सीपॅप सुरू होण्याआधी मी ती दिली होती. पहिली दोन मिनिटे हा पोरखेळ वाटला; सातव्या मिनिटाच्या सुमारास आकडा हजाराच्या पुढे गेलेला दिसला आणि तो केव्हा सुरू झाला हेच मला आठवेना. डोळे उघडेच होते. ताशी 60 किलोमीटर वेगात अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटरांहून पुढे गेलेली असते.

घाटवाट : चारही वेळा ते जागे राहिले, तर गाडी चालवण्यास मोकळे समजायचे का?

रात्रपाळी : ते उत्तम लक्षण आहे, हमी नव्हे, तिथे माणूस जिद्दीने जागा राहतो, पहाटे तीन वाजता रिकाम्या महामार्गावर ती जिद्द टिकेलच असे नाही. म्हणून डॉक्टर सीपॅपच्या वापराची नोंदही पाहतील, ती सोबत न्यावी. वहिनींनाही बरोबर न्या, वर्तमानपत्राची हकिकत त्यांनीच सांगितलेली बरी. आणि बंधूंनी त्या दिवशी स्वतः गाडी चालवत येऊ नये.