पहाटेच्या थंडीत मोटरसायकल : स्वेटरवर स्वेटर घालूनही गारठा जात नाही, काय घ्यावं?

ओझर_फाटा
पिंपळगाव बसवंतहून अंबड एमआयडीसीत पहिली पाळी, सातला गेटवर. पावणेसहाला निघावं लागतं. चाळीसेक किलोमीटर, बहुतेक सगळा मुंबई-आग्रा महामार्ग. गाडी १२५ सीसी, पुढे काच नाही, वेग ५५-६०. डिसेंबर-जानेवारीत आमच्या निफाड तालुक्यात पारा किती उतरतो ते सगळ्यांना ठाऊक आहेच.

सध्या बनियन, शर्ट, लोकरीचा जाड स्वेटर, त्यावर हाफ स्वेटर, जीन्स, जाळीचे स्पोर्ट शूज आणि लोकरीचे हातमोजे. तरी ओझर येईपर्यंत बोटं बधिर होतात आणि छातीत गार शिरतं. साडेतीनला सुटतो तेव्हा २८ डिग्री असतं, म्हणजे घातलेलं सगळं काढून वागवायचं. बजेट सहा हजार. रायडिंग जॅकेट घेऊ, लेदर घेऊ की नुसते थर्मल? रविवारी मिसेस मागे असतात, त्यांच्यासाठीही सुचवा.

सह्याद्री_वारा
भाऊ, तुमच्या अंगावर ऊब पुरेशी आहे, वारा अडवणारं मात्र काहीच नाही. लोकरीच्या विणीतून ६० च्या वेगाचा वारा आरपार जातो. स्वेटरच्या धाग्यांमध्ये अंगाने तापवलेली हवा अडकलेली असते, ऊब तिचीच असते. वारा ती सतत हाकलून देतो. त्यामुळे तिसरा स्वेटर घातला तरी फरक जेमतेम पडेल.

अंदाज यावा म्हणून आकडे देतो. कॅनडा-अमेरिकेत २००१ पासून जे विंडचिलचं (वाऱ्यामुळे हवा किती गार लागते त्याचं) सूत्र वापरतात त्याने हिशेब केला, तर हवा ८ डिग्री आणि वेग ६० असताना उघड्या कातडीला ती साधारण २ डिग्रीसारखी लागते. ५ डिग्री असेल तर उणे २ सारखी. ८० चा वेग धरला तरी त्यातून फार तर आणखी एखादी डिग्री उतरते. म्हणून ‘हळू चालवा म्हणजे थंडी लागणार नाही’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. ६० वरून ५० वर येऊन विशेष काही हाती लागत नाही.

खरेदी बाहेरून आत अशी करा. पहिले पैसे वारा अडवणाऱ्या थरावर. चांगल्या प्रतीचा रेनसूट, जॅकेट आणि पँट दोन्ही, हजार-दीड हजारात येतो आणि तुमच्या रस्त्याला तो पुरतो. चेनच्या मागे कापडाची पट्टी आहे का बघा. ती नसेल तर चेनच्या दातांमधून वारा सरळ छातीच्या मध्यावर येतो. कॉलर उभी राहणारी हवी, मनगटाला वेल्क्रो, कमरेला ओढायची दोरी.

मधला थर फ्लीसचा, म्हणजे मऊ, केसाळ पॉलिस्टर कापडाचा. लोकरीपेक्षा हलका, घडी लहान, दुपारी डिकीत किंवा सॅकमध्ये मावतो. सगळ्यात आत पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा अंगालगत बसणारा थर्मल. सुती बनियन टाळा. गाडीला किक मारून, सॅक चढवून, फाटक उघडून निघेपर्यंत जो घाम येतो तो सुती कापड धरून ठेवतं आणि पुढे रस्ताभर पाठीला ओला गारवा देतं.

दुकानात एक गोष्ट जरूर करा. आतले सगळे थर घालून जा, वर जॅकेट चढवा, खुर्चीवर बसून हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. बाह्या दोन-तीन बोटं वर सरकतात आणि पाठीचा काठ उचलला जातो. त्या अवस्थेत मनगट किंवा कंबर उघडी पडली तर एक माप मोठं घ्या. घट्ट बसवलं तर फ्लीस दाबलं जाऊन त्यातली हवा निघून जाते, आणि जाड कपडे घालूनही कुडकुडायला होतं.

रायडिंग जॅकेट घेणार असाल तर थंडीसाठी नव्हे, पडल्यावर कातडी वाचावी म्हणून घ्या, आणि मग वर्षभर वापरा. आपल्याकडे स्वस्तात मिळतात ती बहुतेक जाळीची. त्यांच्यासोबतचं पावसाचं अस्तर आतून लावायचं असतं, म्हणजे वारा जाळीतून आत येऊन अस्तरावर आपटतो आणि जाळी गार पडते. तेच रेनजॅकेट वरून घातलं की जाळीच्या जाडीत हवा अडकते आणि तीच ऊब देते. कोपर-खांद्याची पॅडं मात्र आतल्या थरांनी सरकता कामा नयेत. हात वाकवल्यावर पॅड कोपराच्या हाडावर बसायलाच हवं. लेदर वारा उत्तम अडवतं, पण दुपारच्या २८ डिग्रीत ते ओझं होतं, आणि सहा हजारांत चांगलं मिळणं अवघड.

पिसांचं फुगीर जॅकेट एकटं वापरू नका. समोरचा वारा छातीवरची पिसं चपटी करतो, म्हणजे जिथे ऊब हवी तिथेच ती नाहीशी होते.

क्लचप्लेट
वरच्या सगळ्याला अनुमोदन. बोटांबद्दल सविस्तर लिहितो, कारण सुरक्षेचा खरा प्रश्न तिथे आहे. बधिर बोटांनी ब्रेक लागतो, पण किती लागला ते कळत नाही.

छाती गार पडली की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. म्हणून आधी छातीचा वारा अडवा, मग हातमोज्यांवर खर्च करा. उलट क्रमाने गेलात तर महागाचे हातमोजेही फुकट जातील.

हातमोजे निवडताना: हाताच्या पाठीवर भरण जाड आणि तळव्याला पातळ असावं. तळवा जाड असेल तर ग्रिप हाताला मोठी लागते, थ्रॉटल घट्ट धरावं लागतं आणि पंजा दुखतो. मूठ वळल्यावर बोटांच्या टोकांपुढे अर्धा सेंटीमीटर जागा उरायला हवी. टोक शिवणीला टेकलं तर पहिलं तेच बोट गारठतं. मनगटावर लांब येणारे घ्या आणि बाहीवरून चढवा. पावसाळ्यात उलट, बाही हातमोज्यावर, नाहीतर पाणी आत उतरतं.

आणखी एक चाचणी, जी दुकानदाराला आवडत नाही. हातमोजा घालून हात थोडा घामेजू द्या आणि पटकन काढा. अस्तराची बोटं उलटून हाताबरोबर बाहेर आली तर तो परत द्या. असं अस्तर पुन्हा आत नीट बसवणं म्हणजे दर थांब्यावर पाच मिनिटांची झटापट. शेवटी इंडिकेटर आणि डिपरचं बटण अंगठ्याने दाबून बघा. दाबलं गेल्याचं अंगठ्याला कळलं पाहिजे.

लोकरीचे हातमोजे एकटे वापरू नका, वारा जातोच आणि रबरी ग्रिपवर ते घसरतात. निकड असेल तर आत पातळ हातमोजा, त्यावर नायट्राइलचा डॉक्टरी हातमोजा, त्यावर नेहमीचा. घाम साठतो, पण तुमच्या पाऊण तासापुरतं चालतं. तीन थर घट्ट होत असतील तर मधला ठेवा, आतला काढा. रक्त फिरलं नाही तर काही उपयोग नाही.

हँडलवर चढवायची मोठी कव्हरं स्वस्त आणि फार उबदार असतात, पण त्यांचा एक धोका आहे. वेगात वारा कव्हरला मागे ढकलतो आणि कव्हर लिव्हर दाबतं. ब्रेकचा लिव्हर किंचित दबला तर मागचा लाल दिवा सतत पेटलेला राहतो, मागच्याला तुमचा खरा ब्रेक कळत नाही. क्लचचा किंचित दबला तर प्लेटा घसरत राहतात आणि जळतात. बसवल्यावर कुणाला तरी मागून दुसऱ्या गाडीवर यायला सांगा आणि ६० च्या वेगात दिवा बघायला सांगा. कव्हरच्या आत प्लास्टिकचे कडक हँडगार्ड असतील तर हा त्रास जवळजवळ उरत नाही.

गरम होणाऱ्या ग्रिप पूर्ण जोरावर साधारण ३ अँपिअर ओढतात. बहुतेक १२५ सीसी गाड्यांची बॅटरी ३ ते ५ अँपिअर-तासांची असते, त्यामुळे जोडणी रिलेमार्फत (चावीने चालू-बंद होणारा विजेचा स्विच) इग्निशनवरच हवी. चावी बंद केली की ग्रिपही बंद. नाहीतर संध्याकाळी सेल्फ फिरणार नाही. थ्रॉटलकडच्या वायरीला ढील ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, दोन्हीकडे थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मागे येतो का ते पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

ओझर_फाटा
खूप उपयोगी, धन्यवाद. दोन गोष्टी राहिल्या. हेल्मेटमध्ये मफलर गुंडाळतो, तर काच धुरकट होते आणि आडगावपर्यंत धुकं असलं की काहीच दिसत नाही. आणि बरेच जण जॅकेट उलटं, चेन पाठीकडे करून घालतात. ते बरोबर आहे का?

व्हायझर_खाली
मफलर हेल्मेटच्या आत अजिबात नको. त्याच्या जाडीने हेल्मेट डोक्यावर उचललं जातं, आणि हनुवटीचा पट्टा मफलरवर बसतो, गळ्यावर नाही. आपटल्यावर मफलर दबतो, पट्टा सैल होतो आणि हेल्मेट निघून जाऊ शकतं. माकडटोपीचंही तेच, तिची जाड शिवण शिवाय कपाळाला टोचते. पातळ बालाक्लाव्हा (डोकं आणि चेहरा झाकणारी अंगाबरोबर बसणारी टोपी) घ्या, शिवणी सपाट असलेला, आणि मानेला फ्लीसचा बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी. बफची खालची कड कॉलरच्या आत खोचा आणि मग चेन पूर्ण वर ओढा. मफलरचं टोक सुटून मागच्या चाकात जाण्याची भीतीही जाते.

काच धुरकट होते ती श्वासामुळे. मफलर नाकावर असला की श्वास वरच्या बाजूने काचेवरच जातो. हेल्मेटला नाकाचा रबरी पडदा लावता येत असेल तर लावा, हनुवटीची झडप उघडी ठेवा. काचेला पिना असतील तर पिनलॉक बसवा. ही आतून बसणारी दुसरी पातळ काच असते, कडेच्या सिलिकॉनच्या रेघेमुळे दोघींमध्ये हवा अडकते आणि वाफ धरत नाही. ती रेघ सगळीकडे काचेला टेकलेली हवी, एका जागी फट राहिली तर वाफ दोन काचांच्या मध्ये शिरते आणि पुसताही येत नाही. तुमच्या हेल्मेटला पिना नसतील तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून बोटाने पसरून कोरड्या मऊ कापडाने चमकेपर्यंत पुसा. हे दर एक-दोन दिवसांनी करावं लागतं. धुक्यात काचेला बाहेरून जे दव बसतं त्यावर यातलं काहीच चालत नाही, ते बोटानेच पुसावं लागतं. काळी काच पहाटे नको, आणि रेनसूट काळा असेल तर वर चकाकती पट्टीवाली जाकीट घाला.

जॅकेट उलटं घातल्याने छातीला चेनची फट राहत नाही, म्हणून बरं वाटतं. पण कॉलर गळ्याला काचते, मान वळवून मागे बघणं जड जातं, आणि रायडिंग जॅकेटची पॅडं चुकीच्या जागी जातात. वर सांगितलेली चेनमागची पट्टी असेल तर उलटं घालायची गरजच नाही.

पॅराशूट_कापड
शिवणकाम करणारा असल्याने एक स्वस्त उपाय. घरात फ्लीसचं जॅकेट असेल तर टाकून देऊ नका. टेलरकडून पॅराशूट कापड आतून लावून घ्या, फक्त पुढच्या भागाला आणि बाह्यांच्या पुढच्या अर्ध्याला. पाठ मोकळी ठेवायची म्हणजे घाम निघून जातो. कापड फक्त कडेच्या शिवणीत धरायचं आणि एखादा सेंटीमीटर ढिलं सोडायचं, कारण फ्लीस ताणलं जातं, हे ताणलं जात नाही. घट्ट लावलं तर पहिल्याच आठवड्यात काखेत फाटतं. मधून टाके घालू नका, प्रत्येक भोकातून वारा येतो.

गुडघे कुणी लिहिले नाहीत. ते वाऱ्यात सगळ्यात पुढे असतात, आणि वाकल्यावर जीन्स तिथे ताणून कातडीला चिकटते. खाली थर्मल, वर रेनपँट. रेनपँटचा उजवा पाय सायलेन्सरला लागला की क्षणात वितळून चिकटतो, तेव्हा घोट्याला वेल्क्रोने आवळा.

बूट जाळीचे आहेत तोवर मोजे कितीही घाला, उपयोग नाही. दोन जाड मोज्यांनी पंजा आवळला जातो आणि तो जास्त गार पडतो. चामड्याचा घोट्यापर्यंतचा बूट, आत एकच लोकरी मोजा, बोटं हलवता आली पाहिजेत. बुटाचं नाक गिअर लिव्हरखाली सहज जातं का ते गाडीवर बसूनच तपासा.

मागची_सीट
वहिनींसाठी. मागे बसणाऱ्याला वारा थोडा कमी लागतो, पण हालचाल काहीच नसते, म्हणून तासाभरात पाय आणि मांड्या पुढच्यापेक्षा जास्त गारठतात. साडी असेल तर आत थर्मल लेगिंग, पायात बंद बूट आणि मोजे. चपलेत उघडी राहिलेली बोटं कुठल्याच शालीने भरून निघत नाहीत. शाल वरून पांघरू नये. पांघरायचीच तर आत, वरून चेनचं जॅकेट. ओढणी आणि पदर जॅकेटच्या आत खोचून मगच चेन लावायची, आणि साडीगार्ड काढून टाकला असेल तर आधी तो परत बसवा. त्यांनाही पट्टा लावलेलं हेल्मेट आणि पातळ बालाक्लाव्हा.

पोहोचल्यावर दोघांनीही बधिर हात गरम इंजिनाला किंवा सायलेन्सरला लावू नयेत. चटका बसतोय हे हाताला उशिरा कळतं. काखेत धरून ठेवा, दहा मिनिटांत बोटं परत येतात.