अनुभव धागा: मतिमंदत्व असलेली आपली मोठी मुलं कामाच्या कार्यशाळेत जातात, तुम्ही समाधानी आहात का?

परळची_आई
काल रानडे रोडवर रंगवलेल्या पणत्या दिसल्या आणि लेकाची शाळा संपली ते दिवस आठवले. अठरा पूर्ण झाली, शाळेने निरोप दिला. मग दिवसभर टीव्ही, वजन वाढलेलं, नखं खाऊन बोटं लाल. कार्यशाळा मिळाली आणि घर सावरलं. आता सकाळी बूट घालून दारात उभा असतो. पणतीच्या कडेला सोनेरी ठिपके द्यायचं काम त्याचं, एक ठिपका रेषेबाहेर जात नाही. मानधनाचं पाकीट थेट आजीच्या हातात देतो. मी मनापासून समाधानी आहे. तुमचं बरंवाईट दोन्ही लिहा.

नेहा_मुलुंड
कुकर लावलाय, पटकन लिहिते. समाधान आहे पण पूर्ण नाही. लेक कित्येक वर्षं कागदी पाकिटंच चिकटवतेय. घरी कणीक मळते, मेथी निवडते. तिकडे मसाल्याच्या कामाला घ्या म्हटलं तर "बघू". मानधन रिक्षालाही पुरत नाही. पैशांचं सोडा हो, नवीन काही शिकवा ना तिला!

बाबा_गोरेगाव
ताई, अगदी पटलं. पण ऑर्डर येईल तसं काम असतं. राखी-दिवाळीला हात कमी पडतात, जानेवारीत कॅरम. आमचा मात्र त्यालाही "ऑफिस" म्हणतो, रविवारी सुट्टी का म्हणून भांडतो 😀

डोंबिवली_फास्ट
प्रवासाचं कोणीच लिहीत नाही! अपंगांच्या डब्यात धडधाकट माणसं बसलेली आणि माझ्या मुलाला विचारतात, "तू कसला अपंग?" मतिमंदत्व चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. कार्ड गळ्यातच अडकवते आता.

बाबा_गोरेगाव
रेल्वेच्या १३९ वर तक्रार करा, दरवेळी करा.

मावशी_लालबाग
थोडं अवांतर. भाची १७ची आहे. शिवडीच्या जय वकीलमध्ये मोठ्यांसाठी काही आहे का?

परळची_आई
हो, १९४४ पासूनची संस्था आहे, मोठ्यांना कामाचं प्रशिक्षणही देतात. चेंबूरची नॅसिओ ही संस्थाही बघून या. कुठेही जा, पण डबा खायच्या वेळी जा. एखाद्याने आमटी सांडली की ताई काय बोलतात ते ऐका, बाकी माहितीपत्रक नंतर वाचा.

आजी_विलेपार्ले
माझं वय ६८. कार्यशाळा छान आहे, तक्रार नाही. पण ती चारला सुटते. आम्ही गेल्यावर चारनंतर कोण? पालकांनीच उभं केलेलं बदलापूरचं 'आधार' बघून आले, तिथे मोठी मुलं कायमची राहतात. घरी आल्यावर हे दोन दिवस जेवले नाहीत. मुलगी आपली ब्लॉक प्रिंटिंगचा रुमाल दाखवत होती.

नेहा_मुलुंड
आजी 🙏 वाचून गलबलले.

बाबा_गोरेगाव
आजी, कायदेशीर पालकत्व केलंत का? अठरानंतर ते आईवडिलांकडेही आपोआप राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. तुमच्यानंतर कोण सांभाळणार तेही घरात आत्ताच बोलून घ्या. आणि न्यासाचा निरामय आरोग्य विमा, १ लाखापर्यंत.

आजी_विलेपार्ले
पालकत्व झालंय. धाकटा भाऊ तयार आहे, पण सुनेशी बोलणं व्हायचंय. निरामय राहिलंय.

डोंबिवली_फास्ट
मी भरलाय तो फॉर्म. गाडीत आहे, उतरले की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.