गोरिला बघायला युगांडा की रवांडा? सल्ला हवा

अनु_ठाणे:
जानेवारीत आम्ही चौघं जायचं म्हणतोय. मी, नवरा, लेक (वय १३) आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण हौस माझ्यापेक्षा दांडगी). जंगलात जाऊन डोंगरी गोरिला बघायचे हा हट्ट मुळात त्यांचाच. दोन टूरवाल्यांशी बोलले. एक रवांडाशिवाय बोलायला तयार नाही, दुसऱ्याने त्याच दहा दिवसांत केनियाही कोंबलाय. आकडे ऐकल्यापासून नवरा गप्प आहे. कुणी जाऊन आलंय का? देश कोणता, चालणं कितपत, शाकाहारी माणसाचं काय होतं, सगळं सांगा.

खवचट_खान:
तासाभरासाठी एवढे पैसे? त्यापेक्षा मैसूरच्या झूमध्ये गोरिला आहेत, वाटेत मैसूरपाकही होईल.

भटक्या७२:
खानसाहेब, मैसूरचे गोरिला पश्चिम आफ्रिकेकडच्या सखल जंगलातल्या जातीचे. डोंगरी गोरिला जगातल्या कुठल्याच झूमध्ये नाही. २०१८ साली आकडा जाहीर झाला तेव्हा ते सगळे मिळून हजाराच्या थोडे वर होते.

अनुताई, आधी वाईट बातमी. १५ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, दोन्ही देशांत.

आता पैसे. रवांडात माणशी १५०० डॉलर, युगांडात ८०० (जुलै २०२४ पर्यंत ७०० होते). हे फक्त परमिट. गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसाला आठच माणसं आणि एकच तास, त्यामुळे जानेवारीची परमिटं लवकर संपतात. आत्ताच घ्या. डोंगरी गोरिला काँगोतही आहेत, पण तो देश सध्या डोक्यातून काढा, तिथे लढाई चालू आहे.

रवांडा महाग पण सोपं. राजधानी किगालीहून मुसांझे (गोरिलांच्या जंगलाजवळचं गाव) अडीचएक तास, रस्ता गुळगुळीत. युगांडात एन्टेबेच्या विमानतळावर उतरलात तर गोरिलांच्या ब्विंडी जंगलापर्यंत अख्खा दिवस गाडीत जातो. आम्ही केलं ते असं: किगालीला उतरलो, गाडीने हद्द ओलांडून ब्विंडीला गेलो आणि युगांडाच्या दरात गोरिला बघितले. १०० डॉलरच्या एकाच ईस्ट आफ्रिका व्हिसावर रवांडा, युगांडा, केनिया तिन्ही होतात.

मी_पुणेकर:
मुलगी उंच असेल तर सोळा सांगा. कोण बघतंय?

भटक्या७२:
पासपोर्ट बघतात, साहेब. आणि नियम उगाच नाही. आपली सर्दी गोरिलांना लागते आणि त्यांना ती जड जाते. म्हणून मास्क घालायला लावतात, दहा मीटर लांब उभं करतात. सकाळी कुणी शिंकत असेल तर त्याला मागे ठेवतात.

चालण्याबद्दल: आम्ही ब्विंडीच्या रुशागा भागात होतो. पहिला अर्धा तास पायवाट, मग तीही नाही. गाईड कोयत्याने वेली तोडत पुढे, आपण पालापाचोळ्यावरून घसरत मागे. मी आधाराला एक झुडूप धरलं आणि तळहात संध्याकाळपर्यंत खाजकुइली लागल्यासारखा पेटलेला होता. बागकामाचे जाड हातमोजे न्याच. पँट मोज्यांत खोचा, मुंग्या चढतात.

आधी येतो तो वास. घाम आणि ओलं गवत एकत्र कुजल्यासारखा. मग देठ मोडल्याचा कटकट आवाज. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठ रुपेरी झालेला कुटुंबप्रमुख नर, आमच्याकडे पाठ करून बसला होता, गाईड मधूनमधून घसा खाकरल्यासारखं करत होता. 'आम्ही आहोत, त्रास देणार नाही' असं सांगण्याची ती त्यांची पद्धत. आणि एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते: तो बाबा तासभर पादत होता. दिवसभर पाला खाणारं पोट, दुसरं काय होणार! आमच्यातली एक बाई हसू दाबता दाबता मटकन खालीच बसली.

कंपालाकर:
मी इथेच युगांडात असतो म्हणून सासूबाईंपुरतं लिहितो. ब्विंडीत डोली मिळते, आपल्या गिरनारसारखी. पोर्टर (हमाल) मंडळी तिला गमतीने हेलिकॉप्टर म्हणतात. आळीपाळीने उचलणारी बरीच माणसं लागतात, म्हणून खर्च ३०० डॉलरच्या पुढे जातो. डोली नको असेल तरी प्रत्येकी एक पोर्टर घ्याच, पंधरा-वीस डॉलर. सामान कमी असलं तरी चढावर मागून ढकलायला आणि उतारावर हात धरायला तोच असतो, शिवाय पैसा गावात राहतो.

खाण्याची चिंता नको. चपाती इथे रस्त्यावर मिळते, नावही चपातीच. तिच्यात ऑम्लेट गुंडाळलं की 'रोलेक्स', तेव्हा अंडं नको हे आधी सांगा. दशम्या आणणार असाल तर स्टीलच्या डब्यात आणा, रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. डॉलरच्या नोटा नव्या आणि बिनफाटक्या, जुन्या कुणी घेत नाही.

डॉक्टरीण_बाई:
युगांडाला यलो फीव्हरची लस लागते, ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. लसीचं कार्ड नसेल तर परतताना भारतातही सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते. सासूबाईंना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, तिकिटं त्यानंतर. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा.

अनु_ठाणे:
लसीचं कुणीच सांगितलं नव्हतं, डॉक्टरीणबाई! उद्याच वेळ घेते. लेकीला कळल्यावर रडारड झाली. दोन वर्षं थांबावं तर सासूबाईंचे गुडघे थांबणार नाहीत. शेवटी नवरा म्हणाला, मी लेकीबरोबर थांबतो, तुम्ही दोघी जा. लेकीवरच्या प्रेमापोटी की ८०० डॉलरपोटी, ते विचारलं नाही.

कंपालाकर:
त्या दोघांना त्या दिवशी इशाशाला पाठवा. क्वीन एलिझाबेथ पार्कचा तो भाग ब्विंडीच्या उत्तरेला आहे, तिथले सिंह झाडावर चढून बसतात. गाडीतून बघायचे असतात, तेरा वर्षांच्या मुलीला अडचण नाही. मग तुमचं परमिट मात्र रुशागाऐवजी ब्विंडीच्याच बुहोमा भागाचं घ्या, ते इशाशाच्या बाजूला पडतं.

अनु_ठाणे:
बुहोमा, लिहून घेतलं. सासूबाई म्हणतायत डोलीत बसणार नाही, काठी पुरे. त्यांची शिसवी काठी विमानात नेऊ देतात का?

कंपालाकर:
ती घरीच राहू द्या, काठी इथे गेटवर देतात. डोलीचं मात्र त्यांच्या नकळत गाईडला आदल्या दिवशी सांगून ठेवा.