यादीत नाव नसेल तर 'चॅलेंज व्होट' मागता येतं का?

पारिजातक:
निवडणूक आली की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास एक मेसेज फिरतो. यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून 'कलम ४९ अ' खाली चॅलेंज व्होट मागा. आपल्या नावावर दुसरंच कुणी मत देऊन गेलं असेल तर टेंडर व्होट मागा. अशी मतं १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान होतं. यातलं खरं किती? राज्यघटनेनं हक्क दिलाय, तर परत कसं पाठवतात?

गावशीव:
फक्त टेंडर व्होट खरं आहे.

चॅलेंज व्होट म्हणजे आक्षेपित मत. हा आक्षेप मतदार घेत नाही, मतदारावर घेतला जातो. 'हा माणूस तो नव्हेच' असं उमेदवाराच्या पोलिंग एजंटला वाटलं तर तो दोन रुपये भरून केंद्राध्यक्षांकडे आक्षेप घेतो. चौकशी तिथेच होते. आक्षेप टिकला नाही तर मत देता येतं, टिकला तर तोतयाला पोलिसांकडे देतात. यादीत नाव नसणाऱ्याला याचा काही उपयोग नाही.

टेंडर व्होट म्हणजे प्रदत्त मत, १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम ४९ पी. नाव यादीत आहे, पण त्यावर आधीच मतदान झालंय, अशा वेळी परत फिरू नका. केंद्राध्यक्ष ओळखीबद्दल प्रश्न विचारतील, वेगळ्या नमुन्यात सही घेतील आणि कागदी मतपत्रिका देतील. बाणफुलीचा शिक्का मारून, घडी घालून ती त्यांच्याच हाती द्यायची; ती स्वतंत्र लिफाफ्यात जाते. मशीनचं बटण मात्र दाबू देत नाहीत, कारण त्या नावाचं मत आधीच नोंदलेलं असतं. मोजणीच्या दिवशी हा लिफाफा उघडत नाहीत. निकालाला आव्हान दिलं गेलं, तर न्यायालयात त्याचा उपयोग होतो. राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणून 'आता काही होत नाही' असं कुणी म्हटलं तरी हे मत नोंदवाच.

१४ टक्क्यांचा नियम अस्तित्वातच नाही.

ओलाचिंब:
घटनेबद्दल. अनुच्छेद ३२६ मधले शब्द नीट वाचा: 'मतदार म्हणून नोंदला जाण्याचा' हक्क. पुढे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ सांगतं की ज्याचं नाव यादीत नाही, त्याला मत देता येणार नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशी नोंद करायला लावणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीबाहेर राहिली. हक्क पुरुषांइतकाच होता, पण नावच नसल्याने तो वापरता आला नाही.

कडेकपार:
म्हणून काम मतदानाआधीच करायचं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदार कार्डाच्या क्रमांकाने नाव शोधा. नावाने शोधलं की स्पेलिंगमुळे गडबड होते. कार्ड हातात असलं तरी यादीतून नाव वगळलेलं असू शकतं. नाव कुठेच नसेल तर नमुना ६ चा अर्ज भरा. घर बदललं किंवा दुरुस्ती असेल तर नमुना ८. घर बदलल्यावर पुन्हा नमुना ६ भरला की दोन नोंदी होतात आणि पुढे गुंता वाढतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, त्यामुळे त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचायला हवा.

केंद्रावर 'तुम्ही स्थलांतरित यादीत आहात', म्हणजे पत्त्यावर न सापडलेल्यांच्या वेगळ्या यादीत आहात, असं ऐकलं तर घाबरू नका. मूळ यादीतलं नाव कायम असतं. ओळख जास्त काटेकोर तपासतात, सहीबरोबर अंगठाही घेतात, पण मत देता येतं. मतदार चिठ्ठी हा २०१९ पासून ओळखीचा पुरावा धरत नाहीत, फोटो असलेलं ओळखपत्र न्या.

पारिजातक:
महापालिकेलाही हेच?

कडेकपार:
राज्य निवडणूक आयोग वेगळी नोंदणी करत नाही. ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतात. त्या तारखेनंतर वाढलेलं नाव त्यात येत नाही. विधानसभेच्या यादीत नाव असून प्रभाग चुकला असेल तर प्रारूप यादीवर मुदतीत हरकत घ्या. शेजारच्या इमारतीचं पान दुसऱ्या प्रभागात गेलंय का, तेही तेव्हाच पाहा.