फॉल्ट कोडवर विसंबून सुटे भाग बदलणे योग्य आहे का?

धागाकर्ता :
इंजिनाचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर लावायचा, कोडच्या वर्णनात ज्या सुट्या भागाचा उल्लेख असेल तो बदलायचा आणि कोड पुसून मोकळे व्हायचे, या पद्धतीला माझा विरोध आहे. कोड म्हणजे संगणकाने नोंदवलेली तक्रार असते, तपासाचा निकाल नव्हे. पी०१७१ हा कोड एवढेच सांगतो की पहिल्या बँकेतील (इंजिनाच्या पहिल्या सिलिंडरच्या बाजूच्या गटातील) मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे. पुष्कळ जण लगेच एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलतात. वास्तविक बहुधा त्या बिचाऱ्याने खरी बातमी दिलेली असते. तडकलेल्या व्हॅक्यूम नळीतून मोजणीबाहेरची हवा आत शिरत असेल, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरवर मळ बसला असेल किंवा इंधनाचा दाब उतरला असेल, तरी कोड हाच येतो.

यांतला फरक फ्युएल ट्रिममधून, म्हणजे संगणक इंधनात किती टक्के वाढ-घट करत आहे त्या आकड्यातून, कळतो. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज आयडलिंगला +२० टक्क्यांच्या आसपास असून २५०० आरपीएमला शून्याकडे उतरत असेल, तर संशय गळतीवर घ्यावा, कारण इंजिन जास्त हवा ओढू लागले की तेवढ्याच गळतीचा वाटा नगण्य होतो. उलट भार वाढेल तशी ट्रिम चढत असेल, तर इंधनपुरवठा आणि एअर फ्लो सेन्सर तपासावा.

घरचा मेकॅनिक :
आपले विवेचन अभ्यासपूर्ण असले तरी सर्व कोडना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. पी०१३५ ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे सर्किट थेट दाखवतो. मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजावा, तो अनंत आला तर सेन्सर बदलावा, विषय संपला. पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील मिसफायरचा (इंधन नीट न पेटल्याचा) कोड आला, तर त्या सिलिंडरची ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल दुसऱ्यावर लावून पाहावी आणि कोड पी०३०२ झाला की कॉइल बदलावी. शिवाय तपासाची मजुरी भागाच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल, तर ज्या भागावर दाट संशय आहे तो बदलून पाहणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. गॅरेजमध्येही अनेकदा हेच चालते, फक्त ते आपल्या खर्चाने.

धागाकर्ता :
रोध मोजणे आणि कॉइलची अदलाबदल करणे यालाच मी तपास म्हणतो, त्यामुळे आपली दोन्ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. कॉइल हलवूनही पी०३०१ कायम राहिला, तर स्पार्क प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन पाहावे लागेल. कोडच्या वर्णनात यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो.

पिवळा दिवा :
मला या वादापेक्षा कोड पुसण्याची घाई अधिक घातक वाटते. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, भार आणि कूलंटचे तापमान हे सगळे जाते. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे संगणकाच्या स्वचाचण्या पूर्ण झाल्याच्या नोंदी, शून्यावर येतात, ते वेगळेच. दोष खरोखर दूर झाला असेल, तर साधारणपणे सलग ३ निर्दोष ड्रायव्हिंग सायकलनंतर (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांनंतर) दिवा आपोआप विझतो. आणि दिवा लुकलुकत असेल, तर स्कॅनर शोधत बसण्याआधी गाडी बाजूला घ्यावी, कारण न जळलेले इंधन एक्झॉस्टमधील घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळू शकतो.

घरचा मेकॅनिक :
फ्रीझ फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढून मग कोड पुसला, तर काय बिघडले? दुरुस्तीनंतर तो परत येतो का, हे लवकर समजते. पी०४२० (कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी असल्याचा कोड) बाबत तर मी ठाम आहे : जुन्या, भरपूर चाललेल्या गाडीत तो आला, तर बहुतेक वेळा कन्व्हर्टरच निकामी झालेला असतो.

धागाकर्ता :
असेलही, परंतु तो कशाने निकामी झाला, हे कोड सांगत नाही. इंजिन ऑइल पीत असेल किंवा मिसफायर होत असेल, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. त्याआधीच्या एक्झॉस्ट जोडातून गळती असेल, तर कन्व्हर्टर शाबूत असतानाही तोच कोड येऊ शकतो. सर्वांत महागडा भाग मागवण्यापूर्वी तो जोड तपासायला फारसा वेळ लागत नाही.