मदत हवी आहे: टुबिफेक्सच्या अंगात पारा किती जातो हे बघायला गाळाचं काय काय मोजावं?

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातली, एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला आहे. आमच्याकडचे पाझर तलाव उन्हाळ्यात आटतात, गाळ भेगाळतो, ट्रॅक्टरनं शेतात जातो. उरलेल्या गाळावर पावसाळ्यात पुन्हा पाणी चढतं आणि त्यात मृगळ मासे सोडतात. मृगळ तळाशीच चरतो, म्हणून गाळातल्या किड्यांत काय साठतं याची मला खरंच काळजी वाटते.

प्रकल्प असा: एक गाळ गावच्या तळ्यातला, काळा नि चिकट, आणि दुसरा गोदावरीच्या पात्रातला, रेताड. दोन्हींत मर्क्युरिक क्लोराईड (पाऱ्याचा क्षार) सारख्या प्रमाणात मिसळून टुबिफेक्स (मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात ते लाल धाग्यासारखे किडे) 28 दिवस ठेवायचे आणि त्यांच्यातला पारा मोजायचा.

सर म्हणतात, गाळातला एकूण पारा मोजला की पुरे. मला ते पटत नाही. सेंद्रिय कर्ब पाऱ्याला धरून ठेवतो असं वाचलं, पण टुबिफेक्स तर तोच सेंद्रिय गाळ खातो. मग कर्ब वाढला की किड्यात पारा कमी जाणार की जास्त? सल्फाईडही (हवा नसलेल्या गाळातलं गंधकाचं रूप) मोजू का? आणि गाळ वाळवून, चाळून वापरला तर चालेल का? प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब आणि सल्फेट होतं, पारा बाहेर करून घेणार आहे.

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. कर्बाचं काम दुहेरी आहे. त्यातले गंधकाचे गट पाऱ्याला घट्ट पकडतात, म्हणून तेवढ्याच पाऱ्यात कर्ब जास्त असला की किड्याच्या अंगात बहुधा कमी जातो. पण तोच कर्ब जिवाणूंचं खाद्य. सल्फेटवर जगणारे जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा (पाऱ्याचं सेंद्रिय रूप) करतात आणि तो किड्याच्या आतड्यातून साध्या पाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त शोषला जातो. सल्फाईड नक्की मोजा, त्याच्याशी बांधलेला पारा फारच कमी विरघळतो.

म्हणूनच प्रयोगाचा गाळ वाळवू नका. हवा लागली की सल्फाईडचं सल्फेट होतं, आणि पुन्हा पाणी घातलं की त्याच जिवाणूंना आयतं सल्फेट मिळतं. तुमच्या तळ्यात दरवर्षी हेच घडतं, तेव्हा वाळवून भिजवलेला गाळ हा तिसरा गट म्हणून मुद्दाम ठेवा. माझ्या मते प्रकल्पाचा जीव तिथेच आहे.

सल्फाईडचा नमुना काठोकाठ भरून, ओलाच, बर्फात आणा. सेंद्रिय कर्बाला मात्र हवेत वाळवलेला घ्या, कारण ओल्या गाळातलं फेरस लोह आणि सल्फाईड डायक्रोमेट (कर्ब मोजायच्या चाचणीतलं रसायन) खातात नि आकडा फुगतो. 550 अंशांना जाळून कर्ब काढू नका. काळ्या मातीच्या चिकण कणांत अडकलेलं पाणीही उडतं, तिथेही आकडा फुगतो.

पारा मिसळल्यावर गाळ काही आठवडे मुरू द्या, मगच किडे सोडा. दुकानातले किडे बरेचदा सांडपाण्याच्या नाल्यातले असतात, त्यांचा सुरुवातीचा पारा आधी मोजा. शेवटी स्वच्छ पाण्यात पोट रिकामं होऊ द्या (लुंब्रिक्युलस या किड्याला साधारण 6 तास देतात), नाहीतर आतड्यातला गाळच किड्याचा पारा म्हणून मोजला जाईल. आणि मिथाइल पारा मोजून मिळणार नसेल, तर प्रबंधात सगळीकडे ‘एकूण पारा’ असंच लिहा.