लेफ्टनंट गव्हर्नरसाठी वेगळं मत हवंच कशाला?

गवतीचहा: अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राज्याचा कारभार पाहणाऱ्या गव्हर्नरचा उपप्रमुख, निवडून येतो, आपल्याकडच्या दिल्लीसारखा नेमलेला नसतो. आयडाहो, टेक्सस, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायनात तर त्याचं मत गव्हर्नरपासून वेगळं पडतं. ही पद्धत मोडीत काढून दोघांना एकाच मतावर आणावं, असं माझं म्हणणं.

आयडाहोत मे २०२१ मध्ये गव्हर्नर ब्रॅड लिटल राज्याबाहेर गेले. राज्याच्या घटनेप्रमाणे कारभार लेफ्टनंट गव्हर्नर जॅनिस मॅकगीचिन यांच्याकडे आला आणि त्यांनी लगेच मास्कसक्तीवर बंदीचा आदेश काढला. परतल्यावर लिटलनी तो रद्द केला. दोघेही रिपब्लिकन! नॉर्थ कॅरोलायनात तर तेव्हा गव्हर्नर रॉय कूपर डेमोक्रॅट आणि लेफ्टनंट गव्हर्नर मार्क रॉबिन्सन रिपब्लिकन होते. २०२४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या चर्चेतून माघार घेताना आपण राज्याबाहेर गेलो की रॉबिन्सन काय करतील, ही धास्ती कूपरनी बोलून दाखवली.

उलटतपासणी: दुखणं एकीकडे, मलम भलतीकडे. गोंधळ वेगळ्या मतामुळे नाही, 'राज्याबाहेर गेला की पदभार दुसऱ्याकडे' या आगगाडीच्या काळातल्या कलमामुळे होतो. ते कलम काढा. आणि टेक्ससचं काय? ३१ जणांच्या सिनेटमध्ये (राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात) कोणतं विधेयक कुठल्या समितीकडे जाणार, समितीवर कोण बसणार, हे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक ठरवतात. एवढी सत्ता असलेला माणूस गव्हर्नरच्या शेपटाला बांधून निवडायचा?

गवतीचहा: ती सत्ता मुख्यतः सिनेटच्या नियमांतून येते, मतपेटीतून नाही. विधेयक चर्चेला घ्यायला २१ जण लागायचे, २०१५ मध्ये १९ केले. २०२१ मध्ये रिपब्लिकन १८च उरले, तर नियमही बरोब्बर १८ वर आला. सिनेटर उद्या हेच अधिकार काढूनही घेऊ शकतात.

कोकणकडा: 'जोडी' म्हणताना ती कुठल्या टप्प्यावर जुळते तेही सांगा. इलिनॉयमध्ये १९८६ साली प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी मतदानाची फेरी) वेगळी, मुख्य निवडणूक एकत्र होती. डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीत लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी कटकारस्थानांच्या कल्पना मांडणाऱ्या लिंडन लारूशचा अनुयायी मार्क फेअरचाइल्ड जिंकला. त्याच्यासोबत उभं राहायला नको म्हणून गव्हर्नरपदाचे उमेदवार अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्यांनी पक्षाची उमेदवारीच सोडली, नवा पक्ष काढला आणि हरले. २०१० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपदाची प्रायमरी जिंकलेल्या उमेदवाराला माघार घ्यावी लागली, तेव्हा कुठे प्रायमरीपासूनच जोडी करण्याचा कायदा झाला. न्यू जर्सीत प्रायमरीनंतर गव्हर्नरपदाचा उमेदवारच साथीदार निवडतो. ते बरं.

उलटतपासणी: म्हणजे नेमणूकच की! व्हर्जिनियात ४० जणांच्या सिनेटमध्ये २०-२० झालं की निर्णायक मत याच पदाचं. ते गव्हर्नरने निवडलेल्या माणसाच्या हाती द्यायला माझी तरी तयारी नाही.